सातवं फडकं

ओहोटी लागायच्या आत निघायचं असा वडिलांनी धोशा लावला, म्हणून लेकीनं बोटीची डिझेलची टाकी घाईघाईनं आतून पुसली आणि फडकी न मोजताच झाकण आवळलं. वडिलांची बोट सुटल्यावर धक्क्यावर मोजून बघते, तर सहाच! आई गेल्यापासून पडून असलेला फुलाफुलांचा गाऊन फाडून सकाळी तिनंच सात केली होती. “तुझ्या आईला डिझेलचा वास सोसायचा नाही गं,” एवढंच वडील पुटपुटले होते. सातवं टाकीतच राहिलं असणार! नळीच्या तोंडाशी बसलं, की इंजिन बंद, आणि पुढे खडक. ती जिवाच्या आकांतानं धक्क्याच्या टोकाकडे धावली. “बाबा, मागे फिरा! टाकीत फडकं राहिलंय!” इंजिनच्या धडधडीत काय ऐकू येणार, कपाळ! पोर निरोप देतेय समजून त्यांनीही खिशातला रुमाल हलवला. रुमाल कसला! फुलाफुलांचं सातवं फडकं होतं ते, डिझेलचा थेंबही न लागलेलं.