चमकणारी नखं

सिस्टरने लस तपासायचा निळा दिवा बाळावर धरताच त्याची नखं चमकली. "लस बाळापर्यंत पोचलीय," ती म्हणाली.

शाल्मली अंथरुणात उठून बसली. गरोदरपणी तिने साथीची लस घेतलीच नव्हती. मुलीच्या अंगात काय घालायचं ते मुलीनेच मोठेपणी ठरवावं, असं तिचं म्हणणं होतं. मग बाळंतपणाला माहेरी आल्यावर आईने डिंकाच्या लाडवांत, मालिशच्या तेलात काही कालवलं की काय?

"आई, खरं सांग. काय दिलंस मला?"

"आता? काही नाही गं." कुमुदिनीबाईंनी नजर चुकवली.

तो 'आता' शाल्मलीला खटकला. तिने दिव्याखाली स्वतःचा हात धरला. तिची नखं बाळापेक्षाही लखलखीत होती.

"ही जुनी लस," सिस्टर पुटपुटली. "आईकडून मुलीत उतरते, पुढे तिच्या मुलीत."

"मला न विचारता, आई?"

"पोटात होतीस तू. आणि साथीत तान्ही मुलं पटापट जात होती."

"उद्या हिने मला जाब विचारला, तर?"

कुमुदिनीबाईंनी नातीची मूठ हळूच मिटवली.

"विचारायला ती असेल ना? मला तेवढं पुरे."