चाई

“केस सोड गो जरा,” ठकूबाई म्हणाली.

राजनंदिनीने वडिलांकडे पाहिलं. रामजीने मान खाली घातली. पाचाडला गडाच्या रस्त्यावर त्याची खानावळ होती. आज पाहुणे यायचे म्हणून ती दुपारीच बंद करून त्याने दोन टेबलं जोडली होती आणि वर चादर घातली होती. समोर मुलगा बसला होता. हर्षद, मुंबईत मोबाइलच्या दुकानात कामाला. त्याच्या शेजारी त्याची आत्या, ठकूबाई. आईबाप नसलेल्या हर्षदला तिनेच पोलादपूरला वाढवलं होतं, आणि मुली बघायचं कामही तिचंच होतं.

राजनंदिनीने वेणी सोडली. ठकूबाई उठून तिच्या मागे गेली. आधी तिने केस मुठीत धरून ओढून पाहिले. मग उवा शोधाव्यात तशी बोटांनी भांगामागून भांग पाडत गेली. बोटांना नुकत्याच खाल्लेल्या भज्यांचं तेल होतं. राजनंदिनीने टेबलाची कड घट्ट धरली.

डाव्या कानामागे बोटं थांबली.

“चाई पडलीय हिला.”

रुपयाएवढा चट्टा होता, गुळगुळीत. त्यावर बारीक पांढरी लव उगवू लागली होती. ठकूबाईने हात मागे घेतला आणि चादरीला पुसला.

“लागट हाय काय?”

“नाही,” राजनंदिनी म्हणाली. “महाडला डॉक्टरांची इंजेक्शनं चालू आहेत. केस परत येतायत.”

“येतील तवा येतील. आधी सांगायला नको काय, रामजीभाऊ?”

“चुकलं आमचं,” रामजी म्हणाला.

ठकूबाई जागेवर येऊन बसली. तिचा चेहरा एकदम सैल झाला होता. “पोरांना जरा बोलू द्या मागच्या दारी,” ती म्हणाली.

मागे फणसाखाली दोघं उभी राहिली. वारा पडला होता. हर्षदचा शर्ट पाठीला चिकटला होता, पण कपाळावरचे दाट, काळेभोर केस जागचे हलत नव्हते. बोलता बोलता तो एक बोट त्या केसांच्या कडेखाली घालून खाजवत होता.

राजनंदिनी महाडच्या एका दवाखान्यात चार वर्षं ड्रेसिंग करत होती. दिसायच्या आधी तिला वास आला. मग कानशिलावरून एक पिवळट ओघळ खाली आला.

“घाम,” तो म्हणाला आणि रुमालाने टिपला.

“पू आहे तो.”

हर्षदने रुमालाची घडी केली. मग हळूच म्हणाला, “पॅच आहे, चिकटवलेले केस. तीन आठवड्यांनी काढून साफ करायचा असतो. आता सात झाले. सगळ्या सुट्ट्या स्थळं बघण्यात जातात.”

“आत्यांना माहीत आहे?”

“तीच घेऊन गेली होती बसवायला.”

राजनंदिनी त्याच्याकडे बघत राहिली. तिला वाईट वाटलंय असं त्याला वाटलं.

“तुम्ही मनाला लावून घेऊ नका,” तो म्हणाला. “आत्या सगळ्याच पोरींची डोकी बघते. काहीतरी निघालेलं बरं असतं, म्हणते. मग पुढे आपलं कळलं तरी त्यांना बोलायला तोंड राहत नाही.” तो जरा हसला. “तुमचं निघालं. आता ती हो म्हणेल.”

ओघळ परत सुरू झाला होता. तो आता भुवईपर्यंत आला.

“खाली बसा,” ती म्हणाली.

तिने चुलीवर खोबरेल कोमट करून आणलं, पर्समधलं ड्रेसिंगचं सामान आणलं. कडेकडेने तेल सोडत ती पॅच सोडवत गेली. चामडीचे पापुद्रे बरोबर येत होते. खालून वास आला तेव्हा तिने तोंड फिरवून श्वास घेतला. चार वर्षांत तिला असं कधी करावं लागलं नव्हतं. टाळू लालभडक होती, मधोमध दोन गळवं फुटलेली. तिने ते धुतलं, मलम लावलं, पांढरी पट्टी बांधली. पॅच धुण्याच्या दगडावर भिजल्या उंदरासारखा पडला होता. त्यावर माशा बसल्या.

“उद्या महाडला या. डॉक्टर औषधं देतील. जखम भरेपर्यंत डोकं मोकळं ठेवायचं. बाजूचे केस अजून टिकवता येतील. नाही टिकले तरी त्याने कोणी मरत नाही. ही घाण अंगात भिनली तर मरतं.”

“परत चिकटवता येईल ना? फोटोपुरता तरी?”

तिने उरलेली पट्टी गुंडाळली आणि हात धुतले.

आतून ठकूबाईचा आवाज येत होता. “चाई तर चाई. आमी करून घेऊ पोरगी. तुमी फक्त लग्न जरा बरं करून द्या.” आणि रामजी “व्हय, व्हय” म्हणत होता.

राजनंदिनी आत आली, मागून हर्षद. पट्टी बघून रामजी उठला. “पडला काय?”

ठकूबाईने आधी दाराबाहेर कोणी आहे का पाहिलं.

“आबा, यांना हो म्हणू नका,” राजनंदिनी म्हणाली.

पट्टीच्या कडेने दिसणाऱ्या उघड्या डोक्यावरून रामजीला अंदाज आला असावा. तो खालच्या आवाजात म्हणाला, “टक्कल हाय म्हणून? अगो, ते काय...”

“टकलाचं काही नाही.” ती हर्षदकडे वळली. “आत्या पोरींची डोकी कशाला बघतात, ते तुम्ही सांगा. मग मी पुढचं बोलते.”

हर्षदने आत्याकडे पाहिलं. मग टेबलावरच्या बशीकडे. बशीत एक भजं उरलं होतं. तो त्याच्याकडेच बघत राहिला.

“चल रे,” ठकूबाई म्हणाली.

रिक्षा रस्त्यावर थांबली होती. दोघं मागे बसली. शेजारच्या खानावळीसमोर गडावरून उतरलेली पोरं चहा पीत उभी होती. ठकूबाईने पदराचं टोक ओढून हर्षदच्या डोक्यावर घातलं आणि हनुवटीखाली धरून ठेवलं.

राजनंदिनी दारात उभी राहून बघत होती. रिक्षा वळणाआड जाईपर्यंत त्याने तो पदर काढला नाही.