ठकीचा ढेकर

गोजराबाईंच्या गोठ्यात पाच देशांचे शास्त्रज्ञ तीन-तीन विमानं बदलून आले, ते म्हशीचा ढेकर मोजायला. ढेकरातल्या मिथेन वायूने म्हणे पृथ्वी तापते. म्हणून सर्वांत कमी वायू सोडणाऱ्या म्हशीची पैदास पाचही देश मिळून वाढवणार होते.

ठकी म्हशीच्या तोंडाला मुसक्यासारखं यंत्र चढवलं, तशी ती जिवाच्या आकांताने रेकली. स्वागत समजून पाहुण्यांनी तिला हात जोडले. “रिपोर्ट नॉर्मल येऊ दे रे म्हसोबा,” गोजराबाई पुटपुटल्या.

आकडा आला आणि डेन्मार्कच्या साहेबांनी ब्राझीलच्या बाईंना कडकडून मिठीच मारली. इतका कमी वायू सोडणारी म्हैस पृथ्वीवर दुसरी नव्हती! पाच भाषांत आनंदीआनंद झाला. जनावरांच्या डॉक्टरांनी तर ठकीच्या कपाळाला कुंकू लावलं.

गोजराबाईंना त्यात काही नवल वाटलं नाही. बारा वर्षं स्वतःची साखर तपासून घेणाऱ्या बाईला तपासणीची रीत कुणी शिकवायची?

“डॉक्टर, आता हिला वैरण टाकू ना?” त्यांनी विचारलं. “काल सकाळपासून उपाशी ठेवलीया. दुसरी तपासणी जेवल्यावर दोन तासांनी असती न्हवं?”