हुबेहूब

आईच्या वाढदिवसाला घरी जायला फोटोग्राफर लेकाला यंदाही जमलं नाही. मनाची टोचणी घालवायला त्याने तिचा एक जुना फोटो एआयला दिला आणि आपलं सगळं कसब पणाला लावून लिहिलं, ‘आता केस पिकलेत. डावीकडच्या खिडकीतून येणारा कोवळा उजेड, पोर्ट्रेट लेन्स, मागचं सगळं धूसर, डोळ्यांत चमक.’ चित्र इतकं जिवंत उतरलं, की त्याने ते फ्रेम करून कुरिअरने पाठवून दिलं.

आईचा फोन आला. “फोटो फार गोड काढलायस रे,” म्हणाली. “एक विचारू का?”

“काय झालं, आई?”



“रागावू नकोस हं... पण तू कधी येऊन गेलास, ते मला आठवतच नाहीये रे.”