लसीचा रकाना

“काका, फ्लूची लस कधी घेतली होतीत?” वल्लरीने विचारलं.

“जूनमध्ये,” रंगनाथ म्हणाले. “आनंदने नेलं होतं.”

बाजूच्या खुर्चीत आनंद अवघडून बसला होता.

ऑगस्टमध्ये रंगनाथ नऊ दिवस ज्या रुग्णालयात होते, तिथून वल्लरी आली होती. त्यांना फ्लू झालाच नव्हता. आरएसव्ही नावाचा दुसराच विषाणू छातीत उतरला होता. फ्लूची लस काही त्यावरची नव्हे. तरी ती घेतलेली माणसं अशा आजारातून कशी सावरतात आणि न घेतलेली कशी, हे वल्लरी एका अभ्यासासाठी घरोघरी जाऊन नोंदवत होती.

“आता तब्येत कशी आहे?”

“तुम्ही तीन जिने चढून आलात ना? उतरून दाखवू?”

वल्लरी हसली. “लसीची तारीख आठवते?”

“ते त्याला विचारा. नेणारा तो.”

“जूनच्या मध्यावर असेल,” आनंद म्हणाला. “कार्ड सापडत नाहीये.”

खरं तर त्याने वडिलांना कुठेच नेलं नव्हतं. बंगळुरूची नम्रताताई मे महिन्यापासून मागे लागली होती, की बाबांचं वय चौऱ्याहत्तर, त्यात दमा, पावसाळ्याआधी लस देऊन आण. आनंदला तेव्हा हिंजवडीच्या ऑफिसातून मान वर काढायला फुरसत नव्हती. तेरा जूनला, शुक्रवारी, तिचा चौथा फोन आला आणि त्याने ठोकून दिलं, “अगं, झाली लस. आजच नेऊन आणलं.” रंगनाथ शेजारीच पेपर वाचत बसले होते. त्यांना ऐकू कमी यायचं, आणि कानाचं मशीन टेबलावर पडलं होतं. पुढच्या शनिवारी नक्की नेऊ, असं आनंदने मनाशी ठरवलं. तो शनिवार कधी उजाडलाच नाही.

वॉर्डात डॉक्टरांनी लसीचं विचारलं तेव्हा ताई फोनच्या स्पीकरवर होती. तिनेच सांगून टाकलं, “घेतलीय. आनंदने नेलं होतं.” मास्कमागून रंगनाथांनी मान हलवली. पुढे पाच दिवस आनंद कॉटशेजारी बसून ऑक्सिजनचा आकडा बघत होता. नेलं असतं तर, एवढंच डोक्यात.

वडील सावरले. घरी आल्यापासून मात्र ते भेटेल त्याला लसीचं सांगू लागले. शेजाऱ्यांना, खडकी स्टेशनवरच्या चहावाल्याला, फॅक्टरीतल्या जुन्या मित्रांना. दर वेळी शेवटी तेच, “आनंदने नेलं होतं.” आजारपणात त्यांची स्मरणशक्ती अधू झाली आणि ताईचं बोलणंच त्यांना खरं वाटू लागलं, अशी आनंदने समजूत करून घेतली होती. त्यांचं बोलणं खोडून काढायचं धैर्य त्याला झालं नाही.

वल्लरी उठली तेव्हा तो तिला सोडायला खाली गेला. गेटपाशी थांबला.

“मॅडम, तो लसीचा रकाना बदला. ‘नाही’ लिहा.”

“का हो?”

“त्यांनी घेतलीच नाही. मी नेलंच नाही त्यांना. ताईशी खोटं बोललो, आणि तेच सगळीकडे नोंदलं गेलं.” “तुमच्या अभ्यासात तरी खोटं जायला नको. बाबांना काही आठवत नाही. त्यांना यातलं कळवू नका, एवढीच विनंती.”

वल्लरीने पिशवीतून टॅबलेट काढून त्याचा पडदा उघडला.

“आम्ही नुसत्या तोंडी उत्तरावर नोंद करत नाही,” ती म्हणाली. “घरी विचारतो ते पडताळून बघायला. दवाखान्याचं नाव काकांनी वॉर्डातच दिलं होतं. परवा जाऊन रजिस्टर बघितलं मी.”

तिने टॅबलेट त्याच्यापुढे धरला. पानाचा फोटो होता. चौदा जून, ताईच्या त्या फोननंतरची सकाळ, साडेनऊ. नाव, वय, सही, सगळं रंगनाथांच्या सुबक अक्षरात. आणि ‘सोबत कोण’ या रकान्यात, त्याच अक्षरात: मुलगा, आनंद.