आठ खाटांची खोली

“अगं, घे की अजून एक. लाजतेस काय?” असं म्हणत ल्युबाने डब्यातला शेवटचा तळलेला काप समोरच्या पोरीच्या ताटलीत ठेवला.

ते काप बोझेनाने तळले होते. प्रवासाला निघायच्या आदल्या दिवशी, ल्युबाला आवडतात तसे, कडक कुरकुरीत. तिने ताटलीकडे पाहिलं, मग ल्युबाकडे पाहिलं. ल्युबाचं तिच्याकडे लक्षच नव्हतं.

हॉस्टेलच्या सामायिक स्वयंपाकघरात सकाळची झुंबड उडाली होती. कोणी अंडी फोडत होतं, कोणी ओल्या केसांनी कॉफीसाठी ताटकळत होतं. सगळी विशी-पंचविशीतली पोरं. या गर्दीत सत्तरीच्या दोन म्हाताऱ्यांचं काय काम होतं, हे बोझेनाला अजून कळलेलं नव्हतं.

चेक देशातल्या झ्लिन शहरी, बुटांच्या कारखान्यात दोघींनी शेजारी शेजारी बसून उभी हयात काढली होती. म्हातारपणी एकदा रोम बघायचं, हे तेव्हापासूनचं ठरलेलं. बोझेनाने खपून एक जागा शोधली होती. नन्सचं अतिथीगृह, दोन खाटांची स्वच्छ खोली, खाली लिंबाची झाडं. भाडं हॉस्टेलइतकंच. पण ल्युबा हटूनच बसली. “तिथे कसं, मठासारखं सामसूम असेल. मला माणसं हवीत,” म्हणाली. चष्मा लावून फोनवर जागा धुंडाळत बसली आणि शेवटी तिने काय निवडलं, तर बायकांची आठ खाटांची खोली!

आल्या आल्या तिने खोलीतल्या एकेकीची चौकशी सुरू केली. कुठली तू, काय करतेस, किती दिवस आहेस? ही ताटलीवाली पोरगी, डारिना, स्लोव्हाकियाची निघाली. भाषा जवळपास आपलीच. इथल्या एका इस्पितळात नर्स म्हणून लागली होती आणि भाड्याची खोली मिळेपर्यंत इथेच मुक्काम. झालं, ल्युबा तिला चिकटलीच. बाल्कनीत दोघींच्या कानगोष्टी चालत. बोझेना जवळ गेली की दोघी हवापाण्यावर बोलू लागत. डारिना तिला ‘ल्युबामावशी’ म्हणायची. ती हाक ऐकली की बोझेना तिथून उठून जायची. आयुष्यभराच्या मैत्रिणीने कालच्या पोरीपुढे आपल्याला असं अडगळीत टाकावं?

“आज डारिनाला सुट्टी आहे,” ल्युबा आनंदाने म्हणाली. “तीही येतेय आपल्याबरोबर.”

बोझेनाने कप आपटला.

“मग रोमला तिलाच घेऊन यायचं होतंस! मला कशाला ओढत आणलंस? सामान राखायला?”

“बोझेनामावशी, मी नाही येत...” डारिना घाईघाईने म्हणाली.

“मी तुझी मावशीबिवशी कोणी नाही!”

बोझेना तरातरा जिना उतरली आणि विचारत विचारत त्या नन्सच्या अतिथीगृहात पोचली. एका वयस्क ननने तिला वरची खोली दाखवली. खोली अगदी फोटोतल्यासारखी होती. “एकट्या आहात?” ननने खुणेने विचारलं. बोझेनाने मान डोलावली. डोलावताना तिला रडू आलं, पण ते तिने दाबलं.

बॅग न्यायला ती परतली तेव्हा खोलीतल्या बाकीच्या पोरी भटकायला गेल्या होत्या. डारिना खिडकीपाशी उभी होती. ल्युबा खाटेच्या कडेला बसली होती.

“चालले मी,” बोझेना कपडे कोंबत म्हणाली. “बस तुझ्या लाडक्या भाचीबरोबर. एवढंच सांग, दोन खाटांची खोली मिळत होती ना? माझ्या एकटीबरोबर राहायचं इतकं तुझ्या जिवावर आलं होतं?”

“हो,” ल्युबा म्हणाली. “आलं होतं.”

बोझेनाचा हात बॅगेतच थांबला.

“वसंतातच डॉक्टरांनी सांगितलंय. हृदय पार थकलंय. ऑपरेशन झेपायचं नाही. कधी थांबेल सांगता येत नाही, झोपेतसुद्धा थांबेल म्हणाले.” ल्युबा फरशीकडे बघत बोलत होती. “तुला सांगितलं असतं तर तू मला येऊच दिलं नसतंस. आणि रोम तर मला तुझ्याबरोबरच बघायचं होतं.”

“ल्युबा...”

“तुझा नवरा झोपेत गेला, तेव्हा उजाडेपर्यंत तू त्याच्या उशाशी एकटीच बसली होतीस. कुणाला हाक मारायचंही तुला सुचलं नाही. त्यानंतर वर्षभर तू धड बोलत नव्हतीस. दोन खाटांच्या खोलीत पुन्हा तेच तुझ्या वाट्याला आणू? म्हणून म्हटलं, आपली भाषा समजणारं कोणीतरी खोलीत हवं. मला काही झालंच, तर तुला जवळ घेणारं.”

बोझेनाने डारिनाकडे पाहिलं. पोरीचे डोळे भरून आले होते.

“मी त्यांना कबूल केलंय,” डारिना म्हणाली. “तुम्हाला एकटीला सोडणार नाही म्हणून.”

बाहेर कुठल्याशा चर्चची घंटा वाजू लागली. मग बोझेनाने बॅगेतले कपडे एकेक करून बाहेर काढले, परत खाटेवर ठेवले आणि डारिनाजवळ जाऊन तिचं मनगट घट्ट धरलं.

“तिचं काही ऐकू नकोस, पोरी. तसं काही झालं तर आधी तिच्याकडे धाव. मला मागाहून जवळ घेतलंस तरी चालेल.”