उलटे तळहात

"कुणाची काही हरकत?" साहेबांनी माइकमध्ये विचारलं, आणि नेमका तेव्हाच पाऊस आला.

आला म्हणजे काय, छतावर कुणी पोतीच्या पोती वाटाणे ओतावेत तसा आला. छत नवंकोरं. भाजीच्या जुन्या लिलावघराच्या थकलेल्या दगडी भिंतींना काचेचं ओझं झेपणार नव्हतं, म्हणून वर पारदर्शक पातळ पडद्याच्या, हवा भरून फुगवलेल्या उशा बसवल्या होत्या. वजनाला पिसासारख्या, आणि उजेड थेट फरशीपर्यंत सोडणाऱ्या. सगळं झकास जमलं होतं. फक्त पावसात त्या ढोलासारख्या बडवल्या जातात, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. छत पसंत केलं त्या दिवशी ऊन होतं.

बाकांवरचे भाजीवाले उठून बोलायला लागले. नुसते ओठ हलताना दिसत होते. दुरुस्ती झाली की लिलाव इथेच भरेल, असं सांगून त्यांना हलवलं होतं. आता म्हणे इथे प्रदर्शनं भरणार, आणि यांनी शहराबाहेरच्या उघड्या मैदानातच कायमचं बसायचं. नगरपालिकेची आजची सुनावणी त्याचसाठी होती.

साहेबांनी माइक बाजूला सारला आणि शेजारच्या कारकुनाला ओरडून सांगितलं, "काही ऐकू येत नाही! हरकत नाही, असं लिहा आणि आटपा!"

ते पहिल्या रांगेतल्या बाईला ऐकू आलं. तिला सगळा बाजार भोंगा म्हणायचा. उभी हयात तिने इथे लिलाव पुकारला होता. एकट्या तिला साहेबांनी ठेवून घेतलं होतं: गणवेश घालून दारात उभं राहायचं, पाहुण्यांना खुर्च्या दाखवायच्या. म्हणून तर ती पहिल्या रांगेत होती.

ती उठली तशी मागच्या बाकावरच्या धाकट्या बहिणीने तिची बाही ओढली आणि कानाशी तोंड नेलं. "ताई, खाली बस! तुझी एकटीची तरी सोय झालीय, तिला लाथ मारू नकोस."

"सोय? तोंडात बोळा कोंबतात, त्याला सोय म्हणतात होय?"

भोंगा खुर्चीवर चढली. साहेबांकडे पाठ केली आणि एक हात वर केला.

सगळ्यांच्या नजरा तिकडे वळल्या. हा हात सगळ्यांच्या ओळखीचा होता. लिलावाच्या गलक्यात कुणाचं कुणाला ऐकू येत नसे. बोली लागायची ती बोटांनी. बोटं वाचून भोंगा पुकारायची, आणि तिने पुकारलं की बोली पक्की. माल दाखवला एक आणि पोत्यातून निघाला दुसरा, तर गिऱ्हाईक बोलत बसायचं नाही. तळहात उलटा करायचं.

बाकांवर एकेक करून तळहात उलटे झाले.

"कांदेवाला, हरकत!" भोंगा गरजली. जुन्या छताच्या पत्र्यावरच्या गारांना पुरून उरलेला आवाज तो. कारकुनाच्या हातातलं पेन उडालं. "बटाटेवाले काका, हरकत! कोबीवाली वहिनी, हरकत! अहो जावईबापू, हात नीट वर करा, सासऱ्याला काय भिता? भोपळेवाल्याचा जावई, हरकत! सासराही, हरकत!"

हॉलभर हसू फुटलं. साहेब तरातरा तिच्या खुर्चीपाशी आले.

"बाई, तुम्ही आमच्याकडच्या ना?"

"कुणी सांगितलं?"

"हे छत असल्या चिखलामातीसाठी नाही बसवलेलं!"

"छताला नावं कोण ठेवतंय? छत लाखात एक आहे. पत्र्याखालच्या अंधारात आम्हीच सडका माल खपवलाय. या उजेडात टोमॅटोवरचा एक डाग लपायचा नाही. लिलावाला याहून चांगलं छप्पर दाखवा मला कुठे! ही माझी हरकत. ए लेखणीबहाद्दर, लिहितोस की आणखी मोठ्याने सांगू?"

"उद्यापासून कामावर यायचं नाही!"

"उद्यापर्यंत कोण थांबतंय?"

कारकुनाने साहेबांकडे पाहिलं. मग खाली वाकून पेन उचललं आणि मुकाट्याने लिहायला लागला. बहीण डोक्याला हात लावून बसली होती. थोड्या वेळाने तिने तो हात खाली घेतला, त्याच्याकडे पाहिलं, आणि उलटा करून वर धरला.

"माझी बहीण, हरकत!"

पाऊस एकदम थांबला. उशांवरून पाणी ओघळून गेलं आणि स्वच्छ ऊन सगळ्यांच्या डोक्यावर उतरलं. साहेबांनी कपाळ पुसलं.

"झालं. आता ऐकू येतंय," ते म्हणाले. "जरा हळू बोला."

मागच्या बाकांवर अजून कितीतरी तळहात उलटे होते. भोंग्याने छाती भरून श्वास घेतला आणि आधीपेक्षा वरच्या पट्टीत पुकारलं,

"लसूणवाली मावशी, हरकत!"